ह्यांच्या फोनमधली जागा

४ नोव्हेंबर
मेघाचा बंगळूरहून फोन. हयातीचा दाखला ह्या महिन्यात द्यायचाच, नाहीतर पेन्शन थांबेल. तुझे गुडघे घेऊन बँकेत नको जाऊ, म्हणाली लेक, फोनवरूनच होतं. कॅमेऱ्यासमोर बसायचं, सांगतील तेव्हा डोळे मिचकावायचे. झालं, मी जिवंत.
माझा फोन बटणांचा. म्हणून ह्यांचा काढला. हे गेल्यापासून कपाटात साड्यांखाली होता. तेव्हाच जुना झालेला. मेघा नवा देत होती, तर "हा चालतोय ना" म्हणून तिलाच परत. चार्जिंगला लावला. चालू झाला. वाटलं होतं, मनात काहीतरी होईल. काही झालं नाही. भाजीला गिलकी चिरली.

५ नोव्हें.
फोन उघडायची रेघ मला पाठ आहे. हे बोट असं ओढायचे की समोरच्या अख्ख्या अन्नपूर्णा रोडला दिसावं. आज मी ओढली.
मेघाने फोनवरून शिकवणी घेतली. ॲप उतरवायला ह्यांच्या ईमेलचा पासवर्ड लागतो, तो कुणालाच ठाऊक नाही, पण ओटीपी ह्यांच्याच सिमवर येतो, ते मेघाने चालू ठेवलंय, म्हणून बदलता आला. नवा लांब हवा. एक आकडा, एक चिन्ह. जन्मतारीख नको, नाव नको, गाव नको. मग लक्षात राहील असं माणसापाशी उरतं काय, विचारलं. ती म्हणाली, "आई, तू मॅथ्सची टीचर ना, काहीपण सोच." सोचलं. ठेवला.
एवढं करून दाखल्याचं ॲप उतरेना. जागा अपुरी. काही फाइल काढा.

७ नोव्हें.
मंदिराजवळच्या मोबाइलवाल्या भियांकडे गेले. त्यांनी बघितलं. फोटो मोजके, गाणी नाहीत, सगळी जागा सेफने खाल्लीय. सेफ म्हणजे फोनच्या आतली तिजोरी. तिचं कुलूप वेगळं. "आंटीजी, फॉर्मेट मार देता हूँ. बिलकुल नया हो जाएगा. पर सेफ में जो है, सब उड़ जाएगा."
आत काय असेल, विचारलं. म्हणाले, ते कसं सांगू, अंकलजींनीच कुलूप लावलंय.
नंतर येते म्हटलं. येताना गाडीवरचे जाम घेतले, पेरूच ते, दोन माणसांचे. सवय.

८ नोव्हें.
मला ह्यांचा आवाज हवाय. एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. घरात तो कुठेच नाही. मेघाच्या लग्नाच्या सीडीत हे सगळीकडे आहेत, ओठ हलतात, वरून सनई. व्हिडिओवाल्याला तेव्हाच म्हटलं होतं, बोलणं राहू दे. तर "आंटीजी, अच्छा नहीं लगता."
सेफमध्ये असेल का? बँकेचे कागदही असतील. हे विजेचं बिलसुद्धा कुलपात ठेवणारे.
दुपारी बसले. ह्यांची जन्मतारीख, चूक. मेघाची, चूक. स्कूटरचा नंबर, चूक. मग फोनने विचारलं, पासवर्ड विसरलात का, तुम्हीच ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न ह्यांनी स्वतः लिहिलेला. पत्नीचे नाव?
हसू आलं. एवढं सोपं. वासंती लिहिलं. चूक. इंग्रजीत लिहिलं. चूक.
आता लाल अक्षरांत आलंय, आणखी एकदा चुकलात तर सेफ कायमचा रिकामा होईल.
ह्या बाईला बायको म्हणायचं की नाही, ते आता फोन ठरवणार.

९ नोव्हें.
मेघाला सांगितलं. तिने विचारलं, "बाबा तुला म्हणायचे काय?"
"अगं" म्हणायचे.
ती हसली. मग म्हणाली, "ते नको टाकू आई. तू हातच नको लावू. मी महिन्याच्या शेवटी येते, मग बघू. नाही उघडलं तर फॉर्मेट, ठीक है ना?"
ठीक है म्हटलं. ठीक काही नाही.

११ नोव्हें.
टेबलाच्या खणात ह्यांचे इअरफोन. वायर नीट गुंडाळलेली, रबर लावलेलं. संध्याकाळी गॅलरीत बसायचे, कानात ही बोंडं. मी आतून चहा झाला, चहा झाला करून घसा फोडायची, ह्यांना पत्ता नाही. फार चिडायची मी. बातम्या ऐकता का म्हटलं, तर मान हलवायचे. हो की नाही, ते मानेवरून कधी कळलं नाही.
रबर सडलंय. काढलं नाही.

१२, १३
काही नाही.

१४ नोव्हें.
फोन सापडेना. सकाळी हातात होता. अंथरूण, फ्रिजवर, देवापाशी, कुठेच नाही. म्हातारपण. शेवटी माझ्या बटणांच्या फोनवरून लावला. स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यामागे वाजायला लागला. उचलायला गेले. काचेवर नाव आलेलं.
शकुंतला.
मी माझा फोन बंद केला नाही. तो वाजत राहिला. वाजून वाजून थांबला.
धारला माहेरी मी शकुंतला होते. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर ह्यांनी अंगठीने वासंती लिहिलं. नाव सासूबाईंनी ठरवलेलं. 'ती'च्या वेलांटीवर तांदूळ सरकले, भटजींनी परत लिहायला लावलं. तेव्हापासून रेशनकार्डावर, शाळेत, पेन्शनमध्ये वासंती. दादा तेवढा शकू म्हणायचा. तोही गेला.
ह्यांनी मला शकुंतला कधीच म्हटलं नाही. तसं वासंतीही कधी म्हटलं नाही म्हणा.
माझा फोन ह्यांना दिवसातून किती वेळा जायचा. कोथिंबीर आणा, गोळी घेतली का. प्रत्येक वेळी हेच नाव दिसत असणार. पलीकडे उभं राहून मी कधी बघितलंच नव्हतं.

१५ नोव्हें.
टाकलं नाही. चुकलं तर?
कपडे वाळत घातले. आणि बरोबर असलं तर काय, ते कुठे ठाऊक आहे.

१६ नोव्हें.
टाकलं. शकुंतला. बोट बराच वेळ वर धरून ठेवलं, मग दाबलं.
उघडलं.
बँकेचे कागद नाहीत. नुसत्या आवाजाच्या फाइली. सरकवत गेले, संपेनात. नावं नाहीत, फक्त तारखा. शेवटची दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. फोन उलटा ठेवला. आज नाही.
मेघाचा फोन आला. उघडलं नाही म्हणून सांगितलं. का खोटं बोलले, माहीत नाही.

१७ नोव्हें.
रबर काढलं. गॅलरीत ह्यांच्या खुर्चीत बसले. इअरफोन घातले, मधलीच एक फाइल लावली.
कुकरची शिट्टी. भांडी. मग मी. दूधवाल्याशी हुज्जत घालतेय, "भैया, पानी कम मिलाया करो." मग स्वतःशीच काहीतरी. मग कडबोळी बिघडली म्हणून सासरच्या गव्हाला बोल लावतेय. लांबलचक.
दुसरी लावली. मी. तिसरी. मी, मेघाशी फोनवर. चौथीत मी म्हणतेय, कानात काय घालून बसता, चहा झाला ना.
ह्यांचा आवाज नाही. वाटलं होतं तो असेल, म्हणून तर एवढं. एका फाइलच्या शेवटी खोकला आहे. ह्यांचाच. फोनच्या अगदी जवळून. मग बंद.
तर हे ऐकत होते इथे बसून. मी आतून ओरडतेय आणि हे इकडे मलाच ऐकताहेत.
रडू येईल असं वाटलं. आलं नाही. खोकला तेवढा परत लावला. परत.
आत येऊन दाखल्याचं ॲप पुन्हा करून पाहिलं. जागा अपुरी. आता सेफही दाखवतोय, काढायच्या फाइलींवर खूण करा. म्हणजे मी जिवंत आहे हे सांगायचं, तर माझीच बडबड पुसायची. खोकल्याची फाइल वगळून बाकी सगळ्यांवर खूण केली. खाली लाल बटण आलं, कायमचं पुसायचं?
चहा टाकला. दोन कप झाला. फोन ओट्यावर, अजून विचारतोय.