शेंड्याची जखम

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण वेल.
ही काल पंधरा दिवसांसाठी तिच्या बहिणीकडे गेली. वेल मागे ठेवून गेली, म्हणजे परत येणार हे उघड आहे. चार वर्षं जिवापाड जपलेली वस्तू कोणी टाकून जात नाही. दोन मोठ्या बॅगा नेल्या, पण थंडीत कपडे जास्त लागतात.
वेल दुर्मिळ आहे. पान मखमली, काळपट हिरवं, शिरा पांढऱ्या. कुंडीतल्या पट्टीवर लांबलचक नाव आहे, वाचताना जीभ दुमडते. मी नुसतं वेल म्हणतो. पानं आठ.
नीट पाहिल्यावर लक्षात आलं, वेलीला शेंडाच नाही. कोणीतरी कापलाय. काप अगदी सरळ. उंदीर असावा. चांगल्या दातांचा. जखमेवर उदबत्तीची राख लावली.
संकल्प : ही येईपर्यंत नवीन पान काढून दाखवायचं.

५ जानेवारी
झाडांचं मला नवीन नाही. गावच्या शाळेच्या मागे बाग होती, तिथे दुधीचा वेल मी चढवला होता. गुरुजी म्हणाले होते, या मुलाच्या हाताला गुण आहे. दुधी एकच लागला, तो बकरीने खाल्ला. पण लागला.
शिवाय माझी नोकरी पाणीपुरवठ्यात. पाण्याचे मीटर बरोबर फिरतात की नाही, ते टेबलावर लावून तपासतो. एकवीस वर्षं. पाणी किती गेलं हे माझ्याइतकं कोणाला कळणार?
ऑफिसातून मोजपात्र आणलं. सकाळी दोनशे मिली, संध्याकाळी दोनशे मिली. रोज. चूक होण्याला जागाच नाही.

८ जानेवारी
हिला फोन केला. तिने विचारलं, जेवलात का. म्हटलं, पानं आठ. ती म्हणाली, मी जेवणाचं विचारलं. म्हटलं, पाणी चारशे मिली देतोय, काळजी करू नकोस.  एक मिनिट चाळीस सेकंद बोलणं झालं. बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार
जायच्या आदल्या दिवशी ही म्हणाली होती, तुमच्याशी बोलणं म्हणजे अडकलेला मीटर वाचणं. पाणी जातंय, पण काटा हलत नाही.
मी तेव्हा सांगितलं, की मीटर अडकतो तो बहुतेक वाळूच्या कणाने, आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. ती उठून वेलीजवळ जाऊन उभी राहिली.
मी शांत माणूस आहे. सकाळी अर्धा तास देवापुढे बसतो. हर्ष नाही, शोक नाही. लोक यासाठी डोंगरात जातात, मला घरबसल्या मिळालं. सासूबाई गेल्या तेव्हाही सगळी धावपळ मीच केली. डॉक्टरांचा दाखला, गाडी, पाहुण्यांच्या चपला नीट लावणं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऑफिसला गेलो. तपासणीचा दिवस होता. हिने विचारलं होतं, जाताय? म्हटलं, हो, डबा नको.
त्याचा या जाण्याशी संबंध नाही. त्याला तीन महिने झाले.

१८ जानेवारी, रविवार
पंधरा दिवस झाले. दुपारी साडूंचा फोन. म्हणाले, काय साडूभाऊ, एवढ्यात काही ती येत नाही, राहू द्या थोडं. मी विचारलं, बरी आहे ना. साडू म्हणाले, अहो, तिलाच विचारा की! फोन तुमच्या हातात आहे, माझं तोंड कशाला उसनं घेताय?
साडूंना विनोदाची फार सवय.
पान अजून आलेलं नाही. तेव्हा ती आली नाही हे एका अर्थी सोयीचंच.

२६ जानेवारी
एक पान पिवळं पडलं. तहान लागली असणार. दोन्ही वेळा अडीचशे मिली केलं.

१ फेब्रुवारी, रविवार
आज वेलीची साफसफाई. पानांवर धूळ होती. ओल्या फडक्याने पुसली, मग तेलाचं बोट फिरवलं. मखमल गेली, पण चकाकी आली.
खोडातून लांब तपकिरी मुळं हवेत लोंबत होती, आठवडाभर दाढी न केल्यासारखी. कात्रीने सगळी साफ केली. वेल आता टापटीप दिसते. कुंडीतल्या काठीवरून जरा घसरते, म्हणून सुतळीने बांधली. पाच ठिकाणी.

५ फेब्रुवारी
पानं पाच.

८ फेब्रुवारी, रविवार
रिक्षाने वेल नर्सरीत नेली. नर्सरीवाला कुंडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. विचारलं, हे कोणी केलं. म्हटलं, मीच सांभाळतो. तो म्हणाला, साहेब, सांभाळताय कसले, बुडवताय! आणि ही मुळं का कापली? त्यांनी ती काठी धरते. तिचे हात छाटले तुम्ही आणि वर दोरीने बांधलंत.
म्हणाला, पाणी मोजून द्यायचं नसतं. मातीत बोट घालायचं. ओलं लागलं तर थांबायचं, कोरडं लागलं तर द्यायचं. लहान पोरालाही कळतं.
मी त्याला सांगितलं, की बोट हे मोजमापाचं साधन नाही.
शेंड्याची जखम दाखवली. तो हसला. म्हणाला, उंदीर कसला? हा सराईत हात आहे. बरोबर गाठीखाली कापलंय, हवेतल्या मुळासकट. असा तुकडा पाण्यात ठेवला की नवीन झाड. घरात विचारा.
त्याने आमच्याकडचे उंदीर पाहिलेले नाहीत. राख पुन्हा लावली.
कुजलेली मुळं काढून, माती बदलून दिली. हवेत दमटपणा हवा म्हणाला.

९ फेब्रुवारी
दमटपणासाठी वेल बाथरूममध्ये ठेवली. आंघोळीचं पाणी तिच्यावर उडू नये म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बादली घेऊन बसतो. अडचण काहीच नाही. खिडकीला तेवढा पडदा लावावा लागेल. समोरच्या बाई हल्ली त्यांची खिडकी बंद ठेवतात.

१५ फेब्रुवारी, रविवार
हॉस्टेलवरून लेकीचा फोन. विचारलं, आईला फोन करता का? म्हटलं, दर रविवारी. काय बोलता? म्हटलं, रिपोर्ट देतो. ती म्हणाली, बाबा, आई म्हणजे नर्सरी आहे का? मग म्हणाली, तुम्ही एकदा नुसतं 'ये' म्हणा ना. दोन शब्दसुद्धा नाहीत, एकच आहे.
मुलीला व्यवहार कळत नाही. एकदम 'ये' म्हटलं तर हिला वाटेल घरात काही झालंय.
तरी संकल्प : पुढच्या रविवारी म्हणायचं.

२१ फेब्रुवारी
कागदावर लिहून काढलं. 'तू ये.' वेलीसमोर चार वेळा म्हटलं. जमतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
फोन केला. कागद समोर होता. म्हटलं, तू. ती म्हणाली, काय? म्हटलं, तुझ्याकडे ऊन कसं आहे?
ती म्हणाली, पूर्वेच्या खिडकीत छान येतं.
छान येतं तर छानच. पण तिला उन्हाची एवढी बारीक माहिती कशी, हे विचारायचं राहिलं.

१ मार्च, रविवार
देवाकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा माझा नियम. वेलीसाठी मागितलं तर नियम मोडत नाही. आज मागितलं : एक पान. कशासाठी ते सांगितलं नाही. त्याला माहीत असेल.

१० मार्च
पानं दोन. फोन केला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं.

१६ मार्च
कोंब! सकाळी ६.४० ला दिसला, बुंध्याजवळ, गाठीतून, पेन्सिलीच्या टोकाएवढा. गुरुजी म्हणाले होते ते खोटं नव्हतं.
आनंद झाला असावा. चहा दोनदा केला. दुसरा कप समोरच्या खुर्चीपुढे ठेवला होता, हे नंतर लक्षात आलं. तोही प्यालो.
ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारलं, घरी कसं काय? म्हटलं, महिनाभरात सगळं सुरळीत. ते म्हणाले, वहिनी आल्या का? म्हटलं, कोंब आलाय.
बेत : पान उलगडलं की कुंडी घेऊन स्वतः तिकडे जायचं. वेल दाखवायची, 'तू ये' म्हणायचं, वेल आणि ही दोघींना घेऊन परत. रिक्षा मोठी सांगावी लागेल.

२९ मार्च, रविवार
कोंब जागेवरच आहे. मीही.

८ एप्रिल
पान उलगडलं. अंगठ्याच्या नखाएवढं. पण मखमली. पांढरी शीर आहे, भिंग लावलं तर दिसते. रविवारी जायचं. शर्टाला इस्त्री केली.

१२ एप्रिल, रविवार. संध्याकाळ
जाऊन आलो. क्रमाने लिहितो.
बसमध्ये कुंडी मांडीवर होती. कागद खिशात. मेहुणीने दार उघडलं, म्हणाली, या भावजी, हे काय, काठी घेऊन आलात? साडू आतून म्हणाले, काठीला दोरीने काय बांधलंय बघ, काहीतरी पळून जाणार होतं वाटतं.
ही आतल्या खोलीत होती. पूर्वेच्या खिडकीत वेल होती. काठीला धरून वर गेलेली, सहा पानं, सर्वांत वरचं माझ्या तळहाताएवढं. मखमली. मी विचारलं, ही कुठून आणली. मेहुणी म्हणाली, अहो, तुमच्याच घरची की! हिने येतानाच नाही का आणली, शेंडा ओल्या रुमालात गुंडाळून, मांडीवर घेऊन आली होती.
ही माझ्या कुंडीकडे बघत होती. कापलेल्या जागी बोट लावलं. विचारलं, ही राख कसली? म्हटलं, जखम होती. उंदीर. ती म्हणाली, मी कापला. तीन जानेवारीला, तुमच्यासमोर. तुम्ही पेपर वाचत होतात. तुम्ही विचारलंत, कात्री कुठे ठेवलीस, नखं कापायचीत.
हे आठवत नाही. पण मी कात्री मागितली असेल, शनिवारी नखं कापतो.
म्हटलं, मग ही मागे ठेवलेली? म्हणजे मला वाटलं. ती म्हणाली, एवढं कुठे उचलून आणू? शेंडा पुरतो.
मग तिने कुंडीतल्या मातीत बोट घातलं, दोन पेरं, आणि जरा वेळ तसंच ठेवलं. म्हणाली, आता बरी आहे. ते पानही चांगलं आहे. कोणी काढलं? म्हटलं, देवाने. ती म्हणाली, तुम्हीही काढलं असेल थोडं.
चहा झाला. साडूंनी मुद्दाम मेहुणीला बाहेर बोलावून नेलं. खोलीत आम्ही दोघं आणि दोन वेली. खिशातला कागद हाताला लागत होता. मी विचारलं, हिला पाणी किती देतेस? ती म्हणाली, मोजत नाही.
बसस्टॉपपर्यंत ती सोडायला आली. कुंडी तिने धरली होती. बस यायला वीस मिनिटं लागली. ती म्हणाली, बोला ना काहीतरी. मी नवीन मीटरची माहिती दिली. त्यात काटा नसतोच, आकडे दिसतात. ती ऐकत होती. बस आली तेव्हा तिने कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, पायरी उंच आहे, बघून चढा.
बसमध्ये कागद काढून वाचला. शब्द दोन आहेत. लेक एक म्हणाली होती.

१३ एप्रिल, सकाळी ७
शेंड्याची राख पुसून टाकली. जखम कधीच भरलेली होती.
वेल बाथरूममधून बाहेर, खिडकीत ठेवली. सुतळ्या सोडल्या. मोजपात्र ऑफिसात परत नेणार.
देवापुढे बसायच्या आधी मातीत बोट घातलं. दोन पेरं. बराच वेळ ठेवलं.
ओलं की कोरडं, कळलं नाही.