मागच्या बंपरचा सांधा

३ फेब्रुवारी
दोन्ही बंपर उतरले एकदाचे! बोल्ट असे गंजलेले की मेकॅनिक म्हणाला, "साहेब, ही गाडी नाही, लग्न आहे. सुटता सुटत नाही." पुढच्याला पोचा, मागच्याला गंज. बाबा गेल्यापासून घरात चालवणारं कुणी नाही म्हणून विकायची, हे ठीक. पण बाबांची गाडी अशा अवतारात विकली तर त्यांचंच नाक कापल्यासारखं! गिऱ्हाईक ठरलंय. क्रोम चढलं की नेणार.
आई म्हणाली, "मागचा कशाला काढलास? बरा होता की." पंच्याहत्तरीत हिला बंपरचा एवढा जिव्हाळा? कळेना.

५ फेब्रुवारी
प्लेटिंगवाल्याने बंपर रसायनात बुडवले. क्रोम गेलं, निकेल गेलं, तांबं गेलं. एकेक कोश बाजूला सारत आत्म्यापर्यंत पोचावं, असं पाठशाळेत शिकलो. आत्म्याला ॲसिडचा वास येतो, हे गुरुजी बोलले नव्हते.

८ फेब्रुवारी
प्लेटिंगवाल्याचा फोन— "मागचा मधोमध मोडलेला होता. पितळेने सांधलाय. माहीत होतं ना?"
मोडलेला! बाबा तर जन्मभर छातीठोक सांगत आले— या गाडीला ओरखडासुद्धा नाही. आणि फाटकाच्या खांबाचा उडालेला कोपरा? तो म्हणे टँकरवाल्याचा पराक्रम.
आईला विचारलं. "जुनी गोष्ट. जेवण गार होतंय."
जेवलो. डोकं मात्र जागेवर नाही.

११ फेब्रुवारी
आज गाडीत डोकावलो. चालकाची सीट पार पुढे ओढलेली, वर उशी! बाबा सहा फुटी— असे बसते तर गुडघे कानाला लागते. मेकॅनिक म्हणतो, मी नाही. मी तर गाडी शिकलोच नाही. मग कोण?
बायको म्हणाली, "भूत असेल. तुमच्या घराण्यातलं, म्हणजे उशी घेऊनच बसणार."

१२ फेब्रुवारी
उशी आईच्या खोलीतली. अधिकच गोंधळ.

१७ फेब्रुवारी
बंपर बसले. नुसते आरसे! माझं टक्कल हातभर रुंद दिसतं.
आई बाहेर आली. मागच्या बंपरवरून बोट फिरवत गेली आणि नेमकी मध्यावर थांबली. सांधा तर आता कुणालाच दिसत नाही!
"तेव्हाही असाच चकचकीत करून आणला होता त्यांनी," ती म्हणाली. "कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला लागले."
"म्हणजे?"
"म्हणजे काही नाही. उद्या किती वाजता येणार तो माणूस?"
सगळं ऐकलं. अन्वय लागेना.

१८ फेब्रुवारी
गिऱ्हाईक आलं. गाडी नाही! आई नाही! बायको आत जाऊन आली— "उशीही नाही."
तेवढ्यात हॉर्न. गाडी उलटी, मागे घेत घेत, सावकाश फाटकातून आत आली. खांबाला वीतभर जागा सोडून.
आईने काच खाली केली. गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. चालवणारं आहे घरात."
मग माझ्याकडे वळून— "बघतोस काय? बस मागे."
बसलो.