पितळी भोंगा

साराच्या पपांना,

साराचा ताप उतरत नाही. पहाटेपासून ती बरळायला लागली, म्हणून बन्सीभाऊंच्या बैलगाडीतून तिला नेवाशाच्या दवाखान्यात घेऊन निघाले आहे. तुम्ही टायर आणायला परवा नगरला गेलात ते गेलातच. आपली मोटार अंगणात दगडांवर उभी आहे. तिच्याकडे बघवत नाही.

नाताळात मी घसा कोरडा करून सांगत होते, मागचे टायर पार गुळगुळीत झालेत, आधी ते घ्या. तेव्हा दुकानात मिळत होते. तुम्ही पुण्याहून हा पितळी भोंगा आणलात, आणि टायर काय, ठिगळं लावून वर्ष काढतील म्हणालात. आता लढाईमुळे परमिटाशिवाय टायर कोणी दाखवतसुद्धा नाही. जुना मिळाला तर पारख करत बसू नका. नाहीच मिळाला तर तसेच या.

भाकरी टोपलीत आहे. कोंबड्या शेजारच्या छबूबाई बघतील.

सारा उठायलाच तयार नव्हती. जाईन तर पपांच्या मोटारीतूनच, असा हट्ट धरून बसली. शेवटी मी अंगणात जाऊन तुमचा भोंगा वाजवला, तेव्हा कुठे तिने माझ्या गळ्यात हात टाकले. आता ती बैलगाडीत कडब्यावर डोळे मिटून पडली आहे. आपण मोटारीत बसलोय असंच तिला वाटतंय.

खरं काय ते तिला तुम्हीच येऊन सांगा. माझ्याने सांगवणार नाही.

लिडिया