खालच्या फ्रिक्वेन्सीवरचं उत्तर

प्रिय क्लेम,

नदीला पाणी आलं आहे. आभाळ इथे कोरडं ठाक, आणि वरच्या मुलखातल्या पावसाचं पाणी मात्र पसरत पसरत नेमकं तुझ्या-माझ्या रानांच्या मधे येऊन बसलं आहे. गाडी घालायची सोय नाही, नाहीतर हे सगळं तुझ्या व्हरांड्यात बसून, तुझा तो डांबरासारखा चहा पीत बोलले असते. आता टपालाच्या विमानाचाच आधार. वैमानिक रोलीला बजावलं आहे, की हे क्लेमच्याच हातात द्यायचं. मेला डोळे मिचकावून हसला. हसू दे. पलीकडच्या रानातली मर्टल रेडिओवर सांगत होती, की महिनाअखेरीस तू गुरं विकून किनाऱ्याला बहिणीकडे निघालास, आणि रेडिओही खोक्यात भरून टाकलास. म्हणून ही घाई. पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठून कुत्र्याला हाडं घालायला जाऊ नकोस.

टेड गेला आणि मी विधवा झाले, त्या आठवड्यातली एक संध्याकाळ तुला आठवते का? सकाळचा काकाकुवांचा तास मी चुकवला होता. विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांच्या रेडिओ केंद्राचं काम आटोपलं, की सगळ्या रानांतल्या बायका एकदम रेडिओवर किलबिलाट करतात, ते मला सोसवलं नसतं. संध्याकाळी खालच्या फ्रिक्वेन्सीवर तू एकटा आलास. सांत्वन नाही, बायबल नाही. म्हणालास, "डल्सी, जेवलीस का? थाप मारू नकोस, मला इथून कळतं." मी उठून खारवलेलं मांस कापलं आणि माइकचं बटण दाबून धरून खाल्लं, तुला ऐकू यावं म्हणून. तू म्हणालास, "चाव नीट." तेव्हापासून दिवस मावळायला लागला, की माझे पाय आपोआप रेडिओकडे वळतात. तुझ्यामागे उकळणारी किटली, टफीचं भुंकणं, तुझ्या खुर्चीची कुरकुर, सगळं पाठ आहे मला. तुझं तोंड वर्षातून एकदा घोड्यांच्या शर्यतीला दिसतं, पण तुझं घर मी रोज ऐकत आले.

ते बोलणं टेडच्या तारेवर चालायचं. पवनचक्कीपासून टाकीच्या खांबापर्यंत ताणलेली, त्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या मापाने कापलेली लांबलचक तार. दिवसाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी वेगळी, आखूड. एक काढा, दुसरी जोडा. मागच्या महिन्यातल्या वावटळीत टाकीचा खांबच आडवा झाला, तेव्हा माझा बॅरी शहरातून नवी ॲन्टेना घेऊन आला. "आई, ही एकच सगळ्या फ्रिक्वेन्सींना चालते. आता तारा बदलायला बाहेर पळायला नको, निवांत बस." गुणी पोरगं. डॉक्टरांच्या केंद्राने लगेच सांगितलं, आवाज खणखणीत येतोय. मर्टल तर म्हणाली, "अगं, स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखी बोलते आहेस!" मला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

आणि नेमका त्याच संध्याकाळी तू बोललास. मी बटण सोडून 'बोल' म्हणायचीही वाट न पाहता, एका दमात, गुरांच्या लिलावात बोली लावावी तसा. "डल्सी, ऐकते आहेसच, तर ऐक. गिऱ्हाईक आलंय रानाला. मी जाईन. पण इथे राहायचं काही कारण असेल, तर ते तू सांग. तू सांगितलंस तर नाही जाणार." अरे क्लेम! उघड्या चॅनेलवर! निम्मा मुलूख कान लावून बसलेला असतो हे ठाऊक असून! पण बटण मी दाबलं, आणि बोलले. आणि रेडिओला कान लावून बसले. शेवटी तू म्हणालास, "बरं. कळलं मला." आणि बंद केलंस.

मला वाटलं, कळलं म्हणजे कळलं. शनिवारी केक केला, मनुका सढळ हाताने घालून. निळा झगा इस्त्री केला. बॅरीने विचारलं, कोण येतंय, तर त्यालाच खेकसले. रस्त्यावर धूळ उठली की दारात जायचे, आणि दर वेळी एमूच निघायचे. मला फार एकटं वाटलं, क्लेम. टेड गेला तेव्हा तू होतास, आता कुणाशी बोलू? राग आला, मग लाज वाटली, की या वयात ही थेरं कशाला.

परवा मर्टलने काकाकुवांच्या तासात सगळ्यांदेखत मला झाडलं. "दगड आहेस तू डल्सी! बिचाऱ्याने जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तू मुक्यासारखी बसलीस! नुसती खरखर ऐकली आम्ही." रेडिओ दुरुस्त करणारा वॉली रोलीच्याच विमानाने आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, खालच्या लहरी लांब, त्यांच्या मानाने ही ॲन्टेना आखूड. वर ती झकास चालते, खाली मात्र बहुतेक ताकद तिच्या मधल्या डबीत जिरते, नुसती उष्णता होऊन. ऐकू मात्र सगळं स्वच्छ येतं, कारण येणाऱ्या आवाजाबरोबर खरखरही तेवढीच उतरते. म्हणजे तुझा शब्द न् शब्द मला पोचला, आणि मी जे बोलले त्याने ती डबी तेवढी कोमट झाली.

मर्टल म्हणते, "मी निरोप पोचवते." मी नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या तोंडून जाणार नाही. बॅरीने आणि मी खांब पुन्हा उभा केला आहे, टेडची तार ताणली आहे, आणि ती ताणताना टेडशीही मनात बोलून घेतलं. तू एवढंच कर, खोक्यातून रेडिओ काढ. रविवारी दिवस मावळताना काकाकुवा पक्षी झाडांवर परतले, की खालच्या फ्रिक्वेन्सीवर ये आणि तोच प्रश्न पुन्हा विचार. तसाच, उघड्यावर. ऐकू देत सगळ्यांना. त्या संध्याकाळी मी म्हणाले होते, "कारण आहे. मी आहे. ये." रविवारीही तेच म्हणेन. पण नदीपार आवाज पोचेल की नाही याची आता मला भीतीच बसली आहे, म्हणून आधी हे कागदावर. आजवर दर नाताळच्या कार्डाखाली 'आपली शेजारीण' लिहीत आले. आज ते लिहवत नाही.

तुझीच,
डल्सी