आडवी गिटार

आरमोरी,
६ सप्टेंबर १९९८

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

गिटार आली! नागपूरचं ट्रेनिंग संपल्याबरोबर सीताबर्डीवर गेले आणि घेऊनच परतले. कलकत्त्याची आहे, मधाच्या रंगाची, काठाला बारीक काळी रेघ. दुकानदाराने तीन दाखवल्या. तू सांगितल्याप्रमाणे प्रत्येकीच्या पोटावर बोटाने ठोकून कान लावला, तर तो म्हणाला, मॅडम टरबूज घेऊन राह्यल्या का? मी म्हटलं, हो, गोड निघालं पाहिजे.

इथे दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी तासभर बसते. शेजारची कांता सिस्टर म्हणते, दिवसभर वॉर्डात बाळंतिणी ओरडतात आणि ड्युटी संपली की तू सुरू होतेस. डाव्या हाताची बोटं इतकी बधिर झालीत की पेशंटची नाडी उजव्या हाताने बघावी लागते. आणि एफ कॉर्ड कोणत्या दुष्टाने शोधली? पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं म्हणे. माझ्या फक्त दोन तारा वाजतात, बाकीच्या कोंबडीसारख्या कुरकुरतात.

हवा फार ओली आहे, आगपेटी पेटत नाही. लाकडाला काय करू ते कळव. वहिनी असती तर तिच्यामार्फत तुला दटावलं असतं, पण तू लग्नच करत नाहीस. म्हणून मीच दटावते : पत्र लवकर पाठव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी रिना


मोहर्ली,
२० सप्टेंबर १९९८

चि. रिनास,
अनेक आशीर्वाद.

धानाच्या गावात राहून ओलीचा उपाय मला विचारतेस? कोरड्या तांदळाची पुरचुंडी बांध आणि गिटारीच्या कव्हरमध्ये टाकून ठेव. आठवड्याने तांदूळ बदल. जुने कांता सिस्टरला दे, तेवढीच तिची नुकसानभरपाई.

माझी गिटार तुला माहीतच आहे. डी.एड.च्या वेळची. दोन वर्षांमागे मे महिन्याच्या उन्हाने तिच्या पोटाला चीर पडली, ती आपल्या चंद्रपूरच्या अल्ताफने आतून पट्टी चिकटवून बुजवली. सोफे बनवणाऱ्या माणसाच्या हाताला लाकूड ओळखतं. तेव्हापासून तिचा आवाज दिवसभर चालून आलेल्या माणसासारखा झालाय, पण मला तोच गोड लागतो. शाळा सुटली की व्हरांड्यात बसतो. सफारीच्या जीपगाड्या परतताना पर्यटक हात हलवतात. वाघ दिसला नाही तर निदान मास्तर दिसला, एवढं समाधान त्यांना.

एफची घाई करू नकोस. बोट सपाट ठेवू नकोस, जरासं कडेवर कलव.

आणि ऐक. सव्वीस जानेवारीला अल्ताफच्या अंगणात यंदाही सगळे जमणार. बल्लारपूरचा बँकवाला येतो, गोंडपिपरीचा लाइनमन इसरू येतो. जो तो आपली गिटार आणतो आणि नियम एकच : आपली गिटार दुसऱ्याच्या हातात द्यायची. एरवी बायकोलाही हात लावू देत नाहीत, तिथे मात्र काळजीने देतात. यंदा आपण दोघं मिळून वाजवू. तू कॉर्ड धर, मी चाल वाजवतो.

आई-बाबांचं पत्र होतं. गोंडपिपरीला सर्व ठीक.

आठवण धरून असणारा,
अश्विनदादा


मोहर्ली,
८ नोव्हेंबर १९९८

चि. रिनास,
आशीर्वाद.

उशीर झाला. शाळेत तपासणी होती. मी ठीक आहे. गिटार अल्ताफला देऊन टाकली, त्याला दुसरी हवीच होती आणि मला आता वेळ होत नाही. जानेवारीला तू जा, अल्ताफ सांभाळून घेईल. आई-बाबांना काही लिहू नकोस.

अश्विनदादा


चंद्रपूर,
२२ नोव्हेंबर १९९८

रिनाताईले अल्ताफचा आदाब.

तुमचं पत्र भेटलं. तुम्ही विचारलं, दादानं गिटार काऊन देली? त्यानं मले कसम घातली होती, पण तुम्ही नर्स आहात, तुमच्यापासून किती दिवस लपवू?

दिवाळीच्या सुट्टीत तो लुनावर भद्रावतीहून येत होता. वळणावर रानडुक्कर आडवं आलं. लुना तारेच्या कुंपणात गेली अन् डाव्या पंजाची, बोटं वाकवाची शीर कटली. डॉक्टरनं शिवलं, जखम भरली. अंगठा अन् पहिलं बोट बरोबर आहे. पण बाकीची तीन बोटं वाकतच नाई, कोनी सरळ करून ठेवल्यासारखी. मी त्याले पाहाले गेलतो तर गिटार माह्या हातात देली अन् म्हणे, घेऊन जा, इथी भिंतीवर मले पाहून राह्यली. मी गिटार उचलली अन् बस पकडली. थांबलो असतो तर रडलो असतो.

गिटार मी कोनाले देली नाई, बेफिकर राहा. घरी अम्मीनं तिच्यावर चादर टाकली. ते पाहून अब्बा चिडले, म्हणे कोनी मेलं काय?

तुम्ही त्याच्याकडे जाऊन याच. मी सांगितलं असं म्हणा, चालते. दोस्ती तुटाची नाई.

दुआ मागणारा,
अल्ताफ


आरमोरी,
४ डिसेंबर १९९८

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्याकडून परतले ती कालच. बसमध्ये मनात तुझ्याशी खूप भांडले, ते इथे लिहीत नाही. एका हाताने चहा केलास तो छान झाला होता, हे मात्र तिथे सांगायचं राहून गेलं.

तू म्हणालास, खरं ते सांग. मी सांगितलं की ती बोटं पहिल्यासारखी वाकतील असं मला वाटत नाही. तू दाखवलेल्या कागदावर नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच लिहिलं होतं. त्यावर तू म्हणालास की हा विषय पुन्हा नको. ठीक आहे, मी वाजव म्हणणार नाही. गरम पाण्यातला व्यायाम मात्र रोज करायचा.

पण दादा, माझं शिकणं अर्धवट आहे आणि मास्तर तूच आहेस. माझी एफ अजून कुरकुरते. बोट कडेवर कलवलं, तरी दुसरी तार मुकी. मला लेखी उत्तर पाहिजे. उत्तर आलं नाही तर गिटार घेऊन थेट तुझ्या वर्गात येऊन बसेन, पोरांसमोर.

आई-बाबांना मी फोन करून कळवलंय. रागव. आई म्हणाली, पोराचं दुःख मायले शेवटी कळते, हे का चांगलं झालं?

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
रिना


मोहर्ली,
३ जानेवारी १९९९

चि. रिनास,
अनेक आशीर्वाद.

दुसरी तार मुकी राहते कारण तुझ्या दुसऱ्या बोटाचं पोट तिला लागतं. मनगट थोडं पुढे घे. झालं उत्तर.

आता माझं. रमजान सुरू व्हायच्या आधी एके सकाळी पहिल्या बसमधून अल्ताफचे अब्बा उतरले, नवाबचाचा. तू त्यांना दुकानात गादीला टेकून बसलेलं पाहिलं आहेस. तरुणपणी ते चंद्रपूरच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. मांडीवर आडवी ठेवून, लोखंडाचा गुळगुळीत बार तारांवरून सरकवत, हवाइयन म्हणतात ती. त्यांच्या खांद्याला माझी गिटार होती. अल्ताफने मानेच्या टोकाला पट्टी बसवून तारा उंच उचलल्या होत्या. मला राग आला. मी म्हटलं, चाचा, मी ती देऊन टाकली आहे, मला कोणाची दया नको.

चाचा म्हणाले, बाबू, दया कराले एवढ्या थंडीत कोन येते? माह्या घरचे सारे पोट्टे गिटार उभी धरतेत. माह्याजवळ जे आहे ते कोनाले देऊ? मी मतलबानं आलो.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता वाजवायला सुरुवात केली. रिना, त्या आवाजात सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, चालत जातो. मी बाजूला जाऊन बसलो. त्यांनी बार माझ्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात दिला. मी म्हटलं, बाकीची तीन वाकत नाहीत. ते म्हणाले, वाकवाची कोनाले आहेत? ती सरळच ठेवतेत, बारच्या मागं, तारांवर टेकवून, म्हणजे आवाज फाटत नाई. लोकांची बोटं सरळ राहत नाई म्हणून मी त्यांले छड्या मारल्या, तुही बोटं तं तशीच बनून आली.

मला हसू आलं. मग काय झालं ते लिहीत नाही, तू समजून घे. चाचा तेव्हा अंगणातल्या कोंबड्या मोजत होते.

आता दर रविवारी चंद्रपूरला जातो. रोजा असूनही शिकवतात आणि चुकलं की ओरडतात. बार घसरतो, सूर वर-खाली होतो, शाळेतली पोरं म्हणतात मास्तरांच्या घरी मांजर पाळलंय. व्यायामही चालू आहे.

तुझ्या भांडणांची वाट पाहणारा,
अश्विनदादा


मोहर्ली,
३१ जानेवारी १९९९

चि. रिनास,
अनेक आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. वॉर्डात त्या दिवशी जुळी झाली हे कळल्यावर अल्ताफची अम्मी, हाजराचाची, म्हणाल्या, मग तिचं तिथंच असणं बरोबर. ईद नुकतीच झालेली, त्यामुळे अंगणात गिटारींपेक्षा शेवयांच्या वाट्या जास्त होत्या. बँकवाल्याने बारा तारांची नवी आणली होती. ती मला मांडीवर घ्यायला दिली, देताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि आई आली होती! बाबांना घेऊन, गोंडपिपरीहून, इसरूसोबत. बायकांमध्ये मागे बसली.

माझी पाळी आली. मी कुठलं सिनेमाचं गाणं वाजवलं नाही. धानाच्या रोवणीला चिखलात उभी राहून आई जे म्हणायची, ते वाजवलं. उभ्या गिटारीवर ते मला कधी जमलं नव्हतं. तिचे सूर दोन फ्रेटच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतात, तिथे बोट ठेवायला जागाच नसते. बार मात्र तिथे जाऊन थांबतो. दोन ओळी झाल्या. तिसरीला मागून आईचा आवाज आला की हे चुकलं, इथी खाली नाई जात, वर जाते. सगळे हसले. नवाबचाचा सगळ्यांत मोठ्याने. म्हणाले, उस्ताद तर तिथी बसली आहे, मले काऊन त्रास देला?

मग आई गायली, बसल्या जागेवरून, पदर तोंडाशी धरून, आणि मी तिच्या मागे मागे बार सरकवत गेलो. बाबा आधी तिच्याकडे बघत होते, मग माझ्या हाताकडे. नंतर कुठेच बघेनात.

निघताना आईने माझा पंजा हातात घेतला, ती तीन बोटं एकेक करून चाचपली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, अशी आडवी गिटार होती तं उभी घेऊन काऊन बसला होता रे एवढे वर्षं? मी म्हटलं, आई, सुचलं नाही.

फेब्रुवारीअखेरीस ये, मधाच्या रंगाची तुझी ती घेऊन. या गाण्याला साथ लागते आणि इथे कॉर्ड धरणारं कोणी नाही.

तुझी एफ वाजो न वाजो, माया करतच राहणारा,
अश्विनदादा