तू नसतानाचा पोळा

चिखली,
आश्विन शुद्ध पंचमी

प्रिय गफ्फार,

ईद मुबारक. यंदाची ईद तू लेकीच्या घरी सुलतानपुरात केलीस, ताहेराला आणि तिच्या लेकरांना आनंद झाला असेल, खुर्शीदवहिनींचेही मन रमले असेल. आमच्या घरी मात्र शीरखुर्म्याचे भांडे आले नाही, आणि याविषयीची तक्रार माझ्याकडे लेखी नसली तरी पुरेशा स्पष्ट शब्दांत दाखल झाली आहे.

तू निघून गेलास त्या दिवशी मी ठरवले होते की तुला पत्र लिहायचे नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याने लिहिलेले पत्र दोघांनाही एकमेकांविरुद्ध वापरता येते. तो निश्चय आज मोडतो आहे. का मोडतो आहे ते शेवटी सांगेन. पण तू क्रमाने वाच. शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून धड्याचे शेवटचे पान आधी उलटण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आपल्या कौन्सिलच्या गुरांच्या दवाखान्यात तेव्हा काय घडले ते मी माझ्या बाजूने मांडतो, म्हणजे त्यात तुझी किंवा डॉक्टरची बाजू शिरणार नाही. डॉक्टर इंद्रभान मुंबईहून शिकून आलेला, येथे येऊन वर्षही न झालेला मुलगा. तू ड्रेसर, त्याच्या जन्माआधीपासून जनावरे आडवी पाडणारा. आणि मी दवाखान्याच्या कमिटीचा चिटणीस, म्हणजे दिवसा जिनिंग फॅक्टरीचा कारभार पाहून संध्याकाळी तुम्हा दोघांच्या कुरबुरी ऐकणारा. बुळकांडीची साथ निजामाच्या हद्दीतून, जालन्याकडून वर सरकत होती. लस नागपूरहून बर्फात येणार, आणि दोन दिवसांत टोचली नाही तर वाया जाणार. डॉक्टरने हिशेब केला की गावातले सगळे बैल वर्षातून एकदाच एका जागी उभे असतात, ते पोळ्याच्या तोरणाखाली. तेव्हा त्याच दिवशी टोचावे. कागदावर या योजनेत मला कोठेही दोष दिसला नाही, आणि वाणिज्याची पदवी असलेल्या माणसाला कागदावर दोष दिसला नाही की तो निश्चिंत होतो.

तू तेवढा म्हणालास, “डॉक्टरसाहेब, पोळ्याच्या दिवशी बैलाले सुई? लोक तुमाले पेटीसकट उचलून मोटारस्टँडवर ठेवून येतीन.” त्याने विचारले, “इथला डॉक्टर कोण आहे?” तू म्हणालास, “तुमीच आहा. मंग बैलंही तुमीच धरा.” आणि किल्ल्या टेबलावर ठेवून चालता झालास. हा मुलगा आहे तोवर त्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही, हे तुझे वाक्य तू मला रस्त्यात ऐकवलेस, आणि आवाज असा ठेवलास की ते त्यालाही ऐकू जावे. गफ्फार, मी त्या दिवशी कोणाचाच पक्ष घेतला नाही, आजही घेत नाही. पण एक गोष्ट नमूद करतो. त्याने ‘का नको’ हे विचारले नाही, आणि तूही ते सांगितले नाहीस. दोघांनीही नुसते निकाल दिले.

आता पुढचे, जे तुला ठाऊक नाही.

लस आणायला तो स्वतः नांदुऱ्याच्या स्टेशनवर गेला. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. घाटात ती वारंवार थांबली. प्रत्येक वेळी सगळे उतारू सावलीला बसले आणि हा गृहस्थ पेटीवर आपला कोट पांघरून उन्हात तिच्याशेजारी उभा राहिला. असा तो पोळ्याच्या दिवशी दुपारी तोरणाजवळ पोचला. सगळे बैल रंगवलेल्या शिंगांनी, झुली घालून उभे होते. हिंमतराव पाटील त्याच्याशी अतिशय सभ्यपणे बोलले, आणि तेच जास्त लागले असावे. ते म्हणाले, “साहेब, आज तेयचा सन हाय. आज औत नाही, चाबूक नाही, शिवी नाही. तुमची सुई आमी कुठं बसवाव?” कोणी त्याला उचलून मोटारस्टँडवर नेले नाही, हे तुझ्या माहितीसाठी. त्याच्या हातात एकाने पुरणपोळी दिली आणि सगळे बैलांकडे वळले. तो एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात पोळी घेऊन परत आला.

तेथून तो सरळ माझ्याकडे फॅक्टरीत आला. मला वाटले, राजीनामा देतो. त्याने विचारले, “गेल्या हंगामातली रुई शिल्लक आहे का?” आम्ही एका जुन्या पिंपात पेटी ठेवून चारी बाजूंनी रुई ठासली, म्हणजे बर्फ आणखी थोडा टिकेल. रुई दाबताना तो एवढेच म्हणाला की गफ्फारभाईंनी पोळ्याचे आधीच सांगितले होते. मी ‘हो’ म्हणालो. अशा वेळी याहून लांब उत्तर देऊ नये.

संध्याकाळी तोरण तुटले आणि बैल घराकडे निघाले. तुला माहीत आहे, पुढे काय होते. त्याला माहीत नव्हते, आणि खरे सांगतो, माझ्याही ध्यानात राहिले नव्हते. दरसाल तोरणाखालून घरी जाताना प्रत्येक जोडी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते आणि तू प्रत्येक बैलाला गुळाचा खडा चारतोस, कारण ज्या फाटकात वर्षभर सुई आणि डाग मिळतो तेथे वर्षातून एकदा तरी गोड मिळाले पाहिजे, नाहीतर बैल पुन्हा आत येत नाही. यंदा तू नव्हतास. पण बैलांना ते कोणी कळवले नव्हते. सुभद्राबाईंचा लाख्या सर्वांत पुढे. त्याने फाटक शिंगाने ढकलले आणि आत आला. त्याच्यामागे रंगरावांची जोडी, आणि मग सगळे गाव.

डॉक्टर ओट्यावर बसला होता. समोर बैलच बैल पाहून त्याचा असा समज झाला की लोकांनी विचार बदलला. तो आनंदाने आत धावला आणि सुई घेऊनच बाहेर आला. लाख्याने त्याचा रिकामा हात हुंगला, मग सुईचा हात हुंगला, आणि गूळ कोठे दडवला आहे हे पाहण्यासाठी त्याच्या शर्टात तोंड घातले. सुभद्राबाई म्हणाल्या, “सुई ठेव बापा तिकडं, गूळ आन. गफ्फारभाऊ दरसाली गूळ देते.” त्याने विचारले, “मला हे आधी कोणी सांगितलं का नाही?” त्यावर रंगराव म्हणाले, “तुमी इचारलं काऊन नाही?”

गफ्फार, तू तेथे असायला हवा होतास. त्याने सुई ओट्यावर ठेवली आणि कोणाचेही उत्तर न शोधता गूळ शोधू लागला. दवाखान्यात गूळ कोठून येणार? समोरच आमचे घर. आमची लेक भामा, जी मुलींच्या शाळेत शिकवते, साऱ्या वर्गाला धाकात ठेवते आणि जिला तू अजून ‘भामी’ म्हणतोस, ती खिडकीतून हे सगळे पाहत होती. ती गुळाची अख्खी भेली परातीत घेऊन आली आणि म्हणाली, “डॉक्टर, फोडा. नुसते बघू नका.” त्याने नाल ठोकण्याच्या हातोडीने भेली फोडली. मी हरकत घेतली की हातोडी धुतलेली नाही; माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. अंधार पडेपर्यंत त्याने एकेका बैलाला गूळ चारला. भामा परात धरून उभी, आणि तो प्रत्येक मालकाला बैलाचे नाव विचारत होता.

तेवढ्यात हिंमतराव पाटलांनी विचारले, “गफ्फारभाऊ गेले कुठी?” रजेवर गेले, असे तो म्हणू शकला असता. ते खोटेही ठरले नसते, आणि मी स्वतः तेच उत्तर मनात तयार ठेवले होते. तो म्हणाला, “ते बरोबर सांगत होते, मी ऐकलं नाही. म्हणून गेले.” सगळ्या गावासमोर म्हणाला. मग सुभद्राबाई म्हणाल्या, “मंग उद्या येतो आमी. आज जेवू दे तेयले.”

आणि दुसऱ्या दिवशी आले, गफ्फार. सकाळी दवाखाना उघडण्याआधी फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत बैल उभे. बर्फ मुठीएवढा उरला होता, पण लस शाबूत होती. जाताना रस्त्यात तू मला बजावले होतेस की या पोराच्या हातची सुई गाव घेणार नाही. गावाने घेतली. तेव्हा एका बाबतीत तो चुकला आणि एका बाबतीत तू, असे मी नमूद करतो आणि हा विषय बंद करतो.

अडचण एकच होती. तू नाहीस, बैल धरायचे कोणी? चिटणीस या नात्याने मी पुढे झालो. धोतर खोचले आणि लाख्याचा कासरा धरला. लाख्याने माझ्याकडे एकदा पाहिले, आपले मत बनवले आणि मला पाण्याच्या हौदात बसवले. बसवले हाच शब्द योग्य आहे. मी पडलो नाही. कमिटीतले अर्जुनराव मला हात धरून बाहेर काढताना म्हणाले, “वामनराव, हे बी.कॉम.चं काम नोहे.” त्या दिवशी सारे चिखली गाव माझ्यावर हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने माझी स्वतःची मुलगी हसली. मी कपडे बदलून परत आलो आणि दुपारपर्यंत शेपट्या धरल्या. त्या कामाला पदवी चालते.

रोग देऊळगावराजाच्या बाजूला पसरला, पण आपल्या गावातले एकही जनावर दगावले नाही. आता आसपासची गावे स्वतःहून निरोप पाठवतात. निरोपात असते ते मात्र असे: सुईवाले डॉक्टर आणा, आणि गूळवाले गफ्फारभाऊ आणा. कौन्सिलने बदली ड्रेसर पाठवला होता. डॉक्टरने त्याला आभार मानून परत पाठवले आणि कळवले की येथली जागा रिकामी नाही.

मग तो तुझ्याकडे का आला नाही, असे तू विचारशील. आला होता. म्हणजे दोनदा निघाला तरी होता. पहिल्यांदा मोटारस्टँडवरून परतला. दुसऱ्यांदा मेहकरपर्यंत पोचला, तेथे एका हॉटेलात बसून काय बोलावे याचा विचार केला आणि परतीच्या मोटारीने माघारी आला. मला त्याने सांगितले की मेहकरला एक आजारी म्हैस पाहायची होती. म्हशीची चौकशी मी केली. म्हैस नव्हती.

आता शेवटचे, ज्यासाठी हे पत्र.

परवा तो आमच्या घरी आला. बराच वेळ शेळ्यांच्या खुरांविषयी बोलला. मग उठला, पुन्हा बसला आणि त्याने भामासाठी माझ्याकडे शब्द टाकला. माझी हरकत नाही, हे तुला मी सर्वांआधी सांगतो. त्यालाही अजून सांगितलेले नाही. घराणे माहितीचे आहे. भामाला विचारले तर ती म्हणाली, “गफ्फारकाका काय म्हणतात ते आधी विचारा,” आणि आत निघून गेली. तिला जे सांगायचे होते ते मला कळले. परंतु रीत ती रीत. मी त्याला म्हणालो की अशी बोलणी मुलगा करत नाही, त्याच्याकडून वडीलधारे माणूस यावे लागते. त्याला वडील नाहीत. आई अकोटला असते, ती प्रवास करत नाही. तो म्हणाला, “माझ्याकडून गफ्फारभाईंनी यावं असं मला वाटतं. पण मी कोणत्या तोंडाने बोलावू?” या वेळी मात्र मी त्याला सोडले नाही. येत्या शनिवारी तो सुलतानपूरला येतो आहे. मेहकरला उतरणार नाही याची काळजी घेण्यासाठी अर्जुनरावांना सोबत देतो आहे. तुझा राग मला माहीत आहे आणि त्याची जीभही. दारात उभा राहून तो माफीचा एक शब्द बोलू शकणार नाही. शेळ्यांच्या खुरांविषयी बोलेल. तेव्हा दार लावून घेऊ नकोस. बसव, पाणी दे, आणि खुरे संपेपर्यंत थांब. दसऱ्याच्या दिवशी मला तू माझ्या बैठकीत समोरच्या बाजूला, मुलाचा वडीलधारा म्हणून बसलेला हवा आहेस. मी मुलीचा बाप आहे. रीतीप्रमाणे तुझ्यापुढे हात जोडीन, तुझे पाय धुवायला पाणी देईन, तू नाक मुरडलेस तरी हसत राहीन. आयुष्यात एकदाच तुला ही संधी मिळणार आहे. ती दवडू नकोस.

तुझाच,
वामन