बावीस फॉर्म, एकच उत्तर

लाडक्या धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या लाँड्रीत कॉलेजची एक बाई कामगारांची पाहणी करायला आली होती. आमच्या दीडशहाण्या मुकादमाने सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरले. बावीस जणींची उत्तरं तंतोतंत सारखी! बाईने ते रद्द केले आणि एकेकीला वेगळं बसवून विचारलं.

"कामावर मनातलं कोणाशी बोलता?"

मी तुझं नाव सांगितलं.

"तसं नाही, इथलं कोणी?"

"मग ती जागा कोरी ठेवा."

"कोरी चालत नाही हो, पाहणी कच्ची राहते."

"मग 'कोणी नाही' लिहा आणि सोडा मला, चादरी खोळंबल्यात!"

आईला वाचून दाखवताना एवढं गाळ. ताईला मैत्रिणी पुष्कळ आहेत, असं सांग.

पत्र लांबलचक लिही.

तुझी ताई